सव्वादोनचा तिरछा नंबर

धारमध्ये मालोजीरावांना सगळे 'डॉक्टर साहब' म्हणत आणि मालोजीराव डॉक्टर नव्हते. हे म्हणणाऱ्यांना माहीत होतं, मालोजीरावांनाही माहीत होतं. पण हाक आली की ते ओ देत. सुरुवातीची दोन-तीन वर्षं ते "अहो, मी डॉक्टर नाही, नुसता नंबर काढतो" असं म्हणून पाहत. मग कंटाळले. पुढे पुढे तर कोणी नुसतं 'मालोजीभाऊ' म्हटलं की कपाळावर बारीकशी आठी पडायला लागली.

त्यांचे आजोबा दरबारच्या शिकारखान्यात होते, वडील कलेक्टर कचेरीत कारकून. मालोजीराव दहावीला दोनदा आपटले आणि वडिलांनी त्यांना इंदूरला एका म्हाताऱ्या नेत्रतज्ज्ञाकडे हरकाम्या म्हणून ठेवलं. तिथे सहा वर्षं काढली. म्हातारा शीघ्रकोपी होता, पण हातचं राखून शिकवणारा नव्हता. डोळ्यात पट्टीसारखा उजेड फिरवायचा, बाहुलीतून परत येणारी लाली कुठल्या अंगाला सरकते ते पाहायचं आणि त्यावरून चष्म्याचा नंबर ओळखायचा, हे काम मालोजीरावांच्या हातात असं बसलं की म्हातारा स्वतः काढलेला नंबर त्यांच्याकडून तपासून घेई. बोलता न येणारं पोर असो, की अक्षरशत्रू म्हातारी असो, पाव नंबराचाही फरक पडत नसे. ही विद्या त्यांच्याकडे खरीच होती, आणि म्हणूनच पुढचं सगळं जास्त वाईट झालं.

नव्वद साली त्यांनी धारला बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुकान थाटलं. पुढे फ्रेमांचं कपाट, मागे पडद्याआड अंधारी खोली. खोली लहान, म्हणून अक्षरांचा तक्ता पाठीमागे उलटा टांगलेला आणि समोर आरसा. दुकान चाललं. आणि दुकान चालवताना त्यांनी एक सवय लावून घेतली.

चष्म्याचे नंबर दोन तऱ्हेचे. एक गोल, तो सगळ्यांना कळतो. दुसरा सिलिंडरचा, ज्याला गिऱ्हाईक 'तिरछा नंबर' म्हणतं. डोळ्यावरचा पारदर्शक पडदा सगळीकडून सारखा गोल नसला की तो लागतो. तिरछ्या नंबराची काच इंदूरहून करून आणावी लागे. आठ दिवस जात, दाम जास्त पडे, आणि एवढं करून चष्मा लावला की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला हजर: "डॉक्टर साहब, जमीन टेढ़ी दिख रही है!" तेव्हा मालोजीराव काय करत, तर तिरछा नंबर अर्धा करून गोल नंबरात मिळवून टाकत आणि कार्डावर नुसता गोल नंबर लिहीत. दिसायचं थोडं कमी, पण जमीन सरळ राहायची. डोळ्यांना चालवून घ्यायची सवय असते. मालोजीरावांना डोळ्यांवर चालवून घ्यायची सवय झाली. कोणाचं काही बिघडलं नाही. मास्तरांनी पेपर तपासले, बायकांनी तांदूळ निवडले, कोर्टातल्या बाबूंनी निकाल टंकले.

पण विद्येचा अभिमान गप्प बसू देत नाही. खरा नंबर, तिरछ्यासकट, ते एका वेगळ्या वहीत पेन्सिलीने लिहून ठेवत. ती वही कोणासाठी नव्हती. कार्डं गिऱ्हाइकांची आणि वही त्यांची.

त्यांची मोठी बहीण, ताई, देवासला दिली होती. मेहुणे विश्वासराव कारखान्यात फोरमन. घराणं मात्र देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या पागेतलं, म्हणजे घोडदळातलं, आणि हे दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला सांगितल्याशिवाय विश्वासरावांना जेवण जात नसे. मुलगा एकच, राजवीर; तो वडिलांना आबासाहेब म्हणे. "आमच्या घरात सात पिढ्या अंगावर वर्दी होती, मधे मी एकटा ग्रीसमध्ये लोळलो," असं विश्वासराव म्हणत, म्हणजे वर्दीतली आठवी पिढी राजवीर होणार हे ठरलेलंच होतं. फक्त आठव्या पिढीला सातवीतच फळ्यावरचं दिसेना.

पहिला चष्मा मामाने द्यायचा, असं ताईनेच ठरवून टाकलं. बारशाला वाळे मामाचे, मुंजीत धोतर मामाचं, तसा चष्माही. विश्वासराव नाक मुरडून गच्चीवर गेले. धारच्या दुकानातून राजवीर चष्मा लावून रस्त्यावर आला आणि समोरच्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचून काढली, मग तिच्या शेजारची, मग तिच्या शेजारची. मालोजीराव पायरीवर उभे राहून ऐकत होते. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. तो दिवस त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता, असं म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर दरवर्षी परीक्षा संपली की राजवीर धारला येई आणि मामाकडून डोळे तपासून घेई. देवासला, इंदूरला मोठमोठी दुकानं निघाली, पण "मामासाहेबांचा हात तो मामासाहेबांचा हात." कार्डावर गोल नंबर वाढत वाढत साडेतीनवर येऊन थांबला. तीन वर्षं साडेतीनच. वहीत मात्र डाव्या डोळ्याचा तिरछा नंबर हलत होता. आधी पाऊण, मग सव्वा. आणि दोन हजार तीनच्या मार्च महिन्यात सव्वादोन.

त्याच दिवशी उजेड फिरवताना मालोजीरावांनी आणखी एक गोष्ट पाहिली. लाली नेहमीसारखी एका अंगाला सरकेना. दोन बाजूंनी येऊन मध्ये मिटे आणि परत उघडे, कात्रीच्या पात्यांसारखी. इंदूरच्या म्हाताऱ्याने असे डोळे त्यांना दोनदा दाखवले होते आणि दोन्ही वेळा दंडाला धरून सांगितलं होतं, की कात्री दिसली तर चष्मा विकत बसू नकोस. पडदा आतून नरम पडतोय, टोक काढतोय, त्याला मोठ्या दवाखान्यात धाड. मालोजीरावांनी उजेड विझवला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं. मग स्वतःशी म्हणाले, पोरगा डोळे फार चोळतो, धूळ आहे, पुढच्या वर्षी बघू. आपल्या माणसाच्या डोळ्यात वाईट दिसलं की पाहणाऱ्याचाच डोळा मिटतो. त्यांनी कार्डावर साडेतीन लिहिलं आणि भाच्याला कचोरी खायला घेऊन गेले.

त्या दिवाळीच्या आधी राजवीर मोटारसायकल फेकतच दुकानात शिरला.

"मामासाहेब, लेखी निघालं, फिजिकल पण निघालं! सब-इन्स्पेक्टर! आता मेडिकल राहिलं बस. चष्मा दिसला की बाहेर काढतात. पण इंदौरला लेझरवाले आलेत ना, सगळे करवून घेऊ ऱ्हायले. दहा मिनिटाचं काम. आईसाहेबांनी सांगितलंय, मामाला सोबत ने, ते डॉक्टर लोकांची भाषा समजतात."

मामा समजत होते. तीच तर अडचण होती.

इंदूरचं सेंटर नवंकोरं होतं. पांढऱ्या फरशा, थंडगार हवा आणि बाहेर चपला काढायची पाटी. डॉक्टर तरुण होता, घाईतला होता, पण लबाड नव्हता. त्याने ताईला आणि मालोजीरावांना समोर बसवून कागदावर चित्र काढून समजावलं. डोळ्यावरचा पारदर्शक पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्याचा वरचा पातळ पापुद्रा यंत्राने कापायचा, पण पूर्ण नाही. एका कडेला जोडलेला ठेवून वहीच्या पानासारखा उलटायचा. मग आतल्या थरावर लेझर. नंबर जेवढा जास्त तेवढा थर जास्त उडवायचा, म्हणजे पडद्याचा बाक बदलतो आणि चष्म्याचं काम पडदाच करतो. पापुद्रा परत मिटायचा. टाका नाही, पट्टी नाही. "लेकिन एक बात है," डॉक्टर म्हणाला. उडवलेला थर परत भरून येत नाही. मजबूत पडदा तेवढं सोसतो. मुळात कमजोर असला तर घासलेल्या टायरमधून ट्यूब फुगते तसा पुढे फुगतो, आणि मग त्याला कोणी मागे ढकलू शकत नाही.

ताईला टायरचं समजलं नाही, दहा मिनिटांचं समजलं. तिने हात जोडले.

तपासण्या झाल्या. राजवीरला डोळ्यांत थेंब घालून बाहेर बाकावर बसवलं. डॉक्टरने मालोजीरावांना एकट्याला आत बोलावलं, टेबलावर पडद्याचा रंगीत नकाशा ठेवला आणि डाव्या डोळ्याच्या खालच्या भागावर बोट ठेवलं. तिथे जरा लाल रंग होता, म्हणजे पडद्याला बाक जास्त. मग राजवीरने आणलेली जुनी कार्डं हातात घेतली.

"भाई साहब, इसमें सिलिंडर कहीं नहीं है। मुझे तो सवा दो आ रहा है। ये नया आया है क्या?"

 मालोजीरावांनी खरं सांगितलं. धारमध्ये सिलिंडर कोणी घालत नाही, आपण तो गोल नंबरात मिळवून देतो, कार्डावर लिहीत नाही. डॉक्टर हसला, छोट्या गावातली ही रीत त्याला ठाऊक होती.

"वो तो ठीक है। पर था कितना? तीन साल से इतना ही था, या बढ़ा है? बढ़ा है तो मैं हाथ नहीं लगाऊँगा। इतना ही था तो पैदाइशी है, कर देंगे।"

सगळं त्या एका प्रश्नावर येऊन ठेपलं. यंत्रांना त्या दिवसाचा डोळा दिसत होता. तीन वर्षांचा डोळा पाहिलेला माणूस एकच होता, आणि तो खुर्चीत बसला होता. 'वाढलाय' एवढा एक शब्द पुरे होता. मालोजीरावांच्या डोळ्यांपुढे बाहेर बाकावर बसलेली ताई आली, देवासला नातेवाइकांना पेढे वाटून बसलेले विश्वासराव आले. राजवीरचं भरतीचं वय निघून जाणार होतं. आणि खरं सांगायचं तर आणखीही एक गोष्ट होती, ती मालोजीरावांनी पुढे कितीतरी वर्षांनी स्वतःशी कबूल केली: एवढ्या मोठ्या सेंटरचा डॉक्टर त्यांना बरोबरीने मत विचारत होता, आणि "वाढला होता, मी पाहिला होता, कात्रीही पाहिली होती आणि गप्प बसलो" असं त्याच्यासमोर म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं.

"इतना ही था," ते म्हणाले. "पहले से."

"लिखकर दे दीजिए, फाइल में लगा देता हूँ।"

त्यांनी लिहून दिलं. खाली सही केली. डॉक्टरने त्यांना 'डॉक्टर साहब' म्हणून दारापर्यंत पोचवलं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राजवीरने डोळे उघडले आणि भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा मोजायला लागला. ताई रडली. विश्वासरावांनी देवासच्या टेकडीवर जाऊन देवीला साडी नेसवली आणि येताना मेहुण्यासाठी फेटा आणला. मालोजीरावांनी तो बांधून घेतला. काय करतील? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि पोराला तर दिसत होतं. रात्रंदिवस उगाच जीव खाल्ला, असंही त्यांनी मनाला समजावलं. ती वही त्यांनी कपाटाच्या तळाशी टाकली.

मेडिकल निघालं, ट्रेनिंग निघालं. अंगावर वर्दी चढली. दोन हजार पाचच्या अखेरीला राजवीरला उदयनगरकडच्या जंगलात चौकी मिळाली. आणि तिथे त्याला एका दिव्याचे चार दिवे दिसायला लागले.

आधी डावा डोळा, मग उजवा. समोरून ट्रक आला की रस्ताभर नुसते उजेडाचे फराटे. माणूस दिसे, पण त्याला दोन कडा असत, आणि कोणती खरी ते कळत नसे. दहा महिने त्याने कोणाला सांगितलं नाही. मग मामाकडे आला. मालोजीरावांनी उजेड फिरवला. आता कात्री शोधावी लागत नव्हती. तिरछा नंबर पाचाच्या पुढे होता.

ते त्याला घेऊन इंदूरला त्याच डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने नवा नकाशा काढला, जुनी फाइल काढली, तिच्यातला मालोजीरावांचा कागद मोठ्याने वाचला आणि फाइल मिटली. पडदा फुगला होता. चष्म्याने काही होणार नव्हतं. कडक लेन्स घालून पाहा, धुळीत ती टिकणार नाही. पुढे कधीतरी मेलेल्या माणसाचा पडदा लावावा लागेल. "किस्मत है," डॉक्टर राजवीरला म्हणाला. "सब रिपोर्ट ठीक थी, लाखों में एक को होता है।" मालोजीराव शेजारी बसून होते. लाखातला तो एक कसा झाला हे त्या खोलीत एकालाच माहीत होतं, आणि त्याने मान हलवली.

लेन्स टोचत. राजवीर त्या डबीत ठेवून गाडी चालवायला लागला. दोन हजार सातच्या एप्रिलमध्ये चौकीची जीप पुलाच्या कठड्यावर गेली. राजवीरला खरचटलं. शेजारी बसलेल्या शिपायाचा पाय गुडघ्याखालून गेला. मग वरून पत्र आलं: डोळे तपासायला बोर्डापुढे हजर राहा.

मे महिन्यात भर दुपारी तो धारला आला, डोळ्यांवर काळा गॉगल. त्याच्या येण्यातली ती धसमुसळी ऐट गेली होती. दुकानाची पायरी त्याने पायाने चाचपून घेतली.

"मामासाहेब, एक पर्ची लिहून द्या. नंबर दोन सालांपासून बदलला नाही, चष्म्यानं चांगलं दिसतं, एवढं बस. बोर्डात एक ओळखीचा आहे, त्याला कागद पाहिजे. टेबलाची ड्यूटी देतील, वर्दी राहील."

"टेबलाची देतील कशावरून?" मालोजीराव म्हणाले. "तुझ्या कमरेला पिस्तूल आहे. उद्या परत जीप देतील. तुला तक्त्याचं वरचं मोठं अक्षरसुद्धा दिसत नाही, राजू."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. बोर्डाला कशाला?"

"त्या शिपायाला दोन मुली आहेत."

"मला माहीत आहे त्याला काय आहे ते!" राजवीर ओरडला. मग आवाज खाली आला. "वर्दी गेली तर आबासाहेब मरतील. तुम्हाला काय जातं लिहायला? ऑपरेशनच्या वेळी तर एका मिनिटात लिहिलं होतं तुम्ही."

मालोजीराव गप्प राहिले असते तर ते वाक्य तसंच हवेत विरून गेलं असतं. राजवीरच्या मनात काही नव्हतं, तो सहज बोलून गेला होता. पण साडेतीन वर्षं ते त्या वाक्याला भीत होते, आणि भिऊन भिऊन थकले होते.

"तेव्हा मी खोटं लिहिलं," ते म्हणाले. "म्हणून आता लिहीत नाही."

राजवीरने गॉगल काढला. त्यांनी कपाटाच्या तळातून वही काढली, पान उघडलं आणि त्याच्या हातात दिली. त्याने ती नाकाशी नेली, लांब धरली, तिरपी करून उजेडाकडे नेली. पेन्सिलीचे आकडे त्याला धरता येईनात. त्याने वही परत केली.

"वाचून दाखवा."

मालोजीरावांनी वाचलं. त्यांना वाटत होतं की एवढ्याने आपण मोकळे होऊ, पण प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून पुढे सरकावं लागलं. दोन हजार एक, पाऊण. दोन हजार दोन, सव्वा. दोन हजार तीन, सव्वादोन. आणि त्यापुढे बारीक अक्षरात लिहिलेला एक शब्द.

"काय आहे तो?"

"कात्री." मग त्यांनी कात्री म्हणजे काय तेही सांगितलं.

"महिना?"

"मार्च."

"आणि ऑपरेशन नोव्हेंबरला." राजवीर बोटांवर मोजत होता, लहान मुलं मोजतात तसं. "आठ महिने. आठ महिने माहीत होतं."

मालोजीरावांनी त्याच्या पायाशी वाकायचा प्रयत्न केला. आमच्याकडे माळव्यात भाच्याला पूज्य मानतात, मामाने त्याच्या पाया पडण्यात नवल नाही. पण राजवीरने पाय मागे घेतला.

"आईसाहेबांना सांगू नका," तो म्हणाला. "त्यांना एकच भाऊ आहे."

तो उठला, गॉगल लावला आणि पायरी उतरला. मालोजीराव दुकान तसंच उघडं टाकून मागोमाग निघाले. त्यांनी हात पुढे केला, तो त्याने धरला नाही. ऑटोवाले, हातगाड्या, उन्हाने पांढरा पडलेला रस्ता. राजवीर भिंतीच्या कडेकडेने चालत होता आणि मालोजीराव दोन पावलं मागे.

स्टँडवर तीन बस लागल्या होत्या. इंजिनं चालू होती. देवासला जायचं तर आधी इंदूर गाठायला हवं होतं. राजवीर तिन्ही बसांच्या समोर जाऊन उभा राहिला, मान वर करून पाट्यांकडे पाहत राहिला. आधी एकीकडे, मग दुसरीकडे. गॉगल कपाळावर चढवला. डोळे बारीक केले.

"मधली, राजू," मालोजीराव म्हणाले. "मधली इंदूरची आहे."

तो वळला नाही. शेजारी एक माणूस पोतं खाली ठेवून बिडी पेटवत होता, त्याच्याकडे वळला.

"भिया, इंदौर वाली कौन सी है?"

"बीच वाली," माणूस म्हणाला. "इत्ता बड़ा तो लिखा है सामने। दिखता नी क्या?"

"नी दिखता, भिया," राजवीर म्हणाला, आणि दांडी चाचपत मधल्या बसमध्ये चढला.